पेजेपासून भाकरीपर्यंत

जे जठरातून लवकर पुढे सरकते, जे फोडायला पाचकरसांना फार खटाटोप करावा लागत नाही आणि ज्याचा अगदी थोडा भाग न पचता मोठ्या आतड्यात पोचतो, ते अन्न पचायला हलके. ते मऊ असतेच असे नाही. पेढा, बासुंदी, श्रीखंड, लोणी लावलेला पाव हे सगळे जिभेला मऊ आणि पोटाला जड. उलट साळीच्या लाह्या कुरकुरीत असूनही आजाऱ्याला चालतात. दात पडलेल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला लागणारा मऊ आहार वेगळा, आणि नाजूक पोटाला मानवणारा हलका आहार वेगळा. पथ्य सांभाळूनही पोट दुखतच राहते, तेव्हा बऱ्याचदा या दोहोंची गल्लत झालेली असते.

जठर अन्न साठवते आणि दळते. त्याचा खालचा भाग मिनिटाला साधारण तीन वेळा आकुंचन पावतो आणि घन अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटरचे होईपर्यंत त्यांना पुढच्या दारातून सोडत नाही. साधे पाणी मात्र या दळणात अडकत नाही; पोटात गेलेल्या पाण्यापैकी निम्मे साधारण वीस मिनिटांत पुढे जाते. घन जेवण जठरातून जवळजवळ पूर्ण रिकामे व्हायला चार तास लागतात. त्यात स्निग्ध पदार्थ भरपूर असले तर आणखी वेळ लागतो, कारण लहान आतड्याच्या सुरुवातीला तेल-तूप पोचले की तिथून सुटणारी संप्रेरके जठराला ‘सावकाश’ असा निरोप धाडतात. निरोगी माणसाला याचा फायदा असा की पोट बराच वेळ भरलेले राहते. ज्याचे जठर सुजलेले किंवा मंदावलेले असते, त्याला हाच विलंब मळमळ, ढेकर आणि छातीतली जळजळ देतो.

जठरात काय चालते हे माणसाने पहिल्यांदा नीट पाहिले ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सें मार्तँ या तरुण कामगाराच्या पोटात बंदुकीचे छर्रे घुसले. तो वाचला, पण पोटावरचे छिद्र कायम राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून रेशमी दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि १८३३ साली आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने छापली. त्यांच्या तक्त्यात उकडलेल्या भाताला एक तास लागल्याची नोंद आहे आणि भाजलेल्या डुकराच्या चरबीदार मांसाला सव्वापाच तास. सें मार्तँला हे सगळे कितपत रुचले असेल हा प्रश्न वेगळाच. तो मधून मधून पळून जात असे.

भाताला मिळालेला हा एक तास योगायोगाचा नव्हे. तांदळातला स्टार्च कच्चा असताना घट्ट कणांत बांधलेला असतो. पाण्यात साठ ते पंचाहत्तर अंशांच्या आसपास तापला की हे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. या खळीवर लाळेतले आणि स्वादुपिंडातले पाचकरस लगेच काम करू शकतात. गहू, बटाटा, मका, कडधान्ये यांच्या स्टार्चचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यात जातो, तिथले जीवाणू तो आंबवतात आणि वायू होतो. तांदळाचा स्टार्च मात्र लहान आतड्यात जवळजवळ पूर्ण शोषला जातो. तांदळात ग्लूटेनही नाही आणि पोट फुगवणाऱ्या साखरसाखळ्याही फारशा नाहीत. जगाच्या पाठीवर जिथे जिथे भात पिकतो तिथे तिथे आजाऱ्याच्या वाटीत पेज आढळते, ती याचमुळे.

शिजवण्याच्या पद्धतीने मात्र फरक पडतो. पाणी जितके जास्त आणि शिजणे जितके दीर्घ, तितके कणांचे फुटणे पूर्ण. नवा तांदूळ चिकट होतो. वर्षभर जुना झालेला तांदूळ जास्त पाणी ओढतो आणि त्याचा भात मोकळा होतो. आजाऱ्याच्या पेजेसाठी तांदूळ आधी कोरडा भाजून, भरड करून घेण्याची रीतही बऱ्याच घरांत आहे. भात निवला की त्यातल्या स्टार्चचे धागे पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि काही भाग पाचकरसांना दाद देईनासा होतो. मधुमेह्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, फुगणाऱ्या पोटाच्या दृष्टीने नाही. म्हणून पथ्याचा भात ताजा आणि गरम हवा.

पाण्याचे प्रमाण बदलत बदलत पोटावरचा भार वाढवत न्यायचा ही कल्पना आयुर्वेदात फार बारकाईने मांडलेली आहे. शार्ङ्गधराच्या मोजमापात मंडाला तांदळाच्या चौदा पट पाणी, यवागूला सहा पट आणि विलेपीला चौपट. इतर ग्रंथांत हे आकडे कमीजास्त होतात. मंड म्हणजे शिते गाळून घेतलेले नुसते पाणी, पेया म्हणजे थोडी शिते असलेली पातळ पेज, विलेपी म्हणजे चमच्याने खाण्याजोगा आसट भात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वेगवेगळ्या तक्रारींसाठी अठ्ठावीस यवागू दिल्या आहेत. वमन किंवा विरेचन झाल्यावर रुग्णाला पुन्हा जेवणावर आणण्यासाठी याच संहितेत संसर्जन क्रम सांगितला आहे: आधी पेया, मग विलेपी, मग फोडणी-मिठाविना मुगाचे पाणी, मग तेच संस्कार करून, त्यानंतर मांसरस, तोही आधी साधा आणि मग तूप-मसाल्यानिशी. शुद्धी किती जोरकस झाली त्यावर प्रत्येक पायरी एक, दोन की तीन जेवणांची हे ठरते. अग्नीविषयीचा सिद्धान्त बाजूला ठेवला तरी या क्रमातला व्यवहार आजच्या रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाला ओळखीचा वाटेल. पातळ आधी, घट्ट नंतर. पिष्ट आधी, प्रथिने नंतर. स्निग्ध आणि तिखट सगळ्यात शेवटी. आणि त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट ही की ही पथ्ये ठरावीक दिवसांत संपतात.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या स्वयंपाकघरांत या पायऱ्यांची आपापली नावे आहेत. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज एरवीही रोजची. सोबत लोणच्याची फोड, खोबऱ्याची कातळी किंवा भाजलेला सुका मासा. आजाऱ्याला तीच पेज नुसत्या मिठाबरोबर मिळते. उकडा तांदूळ सालासकट वाफवलेला असल्याने कोंड्यातली ब जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्यात उतरतात आणि कांडल्यावरही टिकतात. पेजेचे पाणी टाकून न देता प्यायले जाते, म्हणून पाण्यात उतरलेला भागही वाया जात नाही. पुण्याकडे गुरगुट्या भात, त्यावर मेतकूट आणि तुपाची धार. मेतकूट भाजलेल्या डाळी आणि धान्यांचे असते, त्यामुळे नुसत्या भाताला थोडी प्रथिने मिळतात. सुंठ, जिरे, हिंग यांनी तोंडाला चव येते. तापातून उठलेल्या माणसाची जीभ जागी करणे हेही पथ्याचेच काम आहे.

देशावर तांदूळ रोजचा नव्हता. तिथे ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर देतात, नाचणीची किंवा ज्वारीची आंबील करतात. ज्वारीची एक अडचण आहे. तिच्यातली प्रथिने पाण्यात शिजताना एकमेकांत अशी गुंततात की शिजलेली ज्वारी कच्च्या पिठापेक्षाही प्रथिनांच्या दृष्टीने पचायला अवघड होते. पीठ आंबवून मग शिजवले तर हा दोष बराच कमी होतो. प्रयोगशाळेत ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमगली. आंबील त्याच्या कितीतरी आधीपासून मडक्यात आंबत होती.

डाळींमध्ये पथ्याचा मान मुगाचा. डाळी-कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसते, त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि तिथे वायू होतो. हरभरा, वाटाणा, चवळी, राजमा यांचा त्रास सगळ्यांना माहीत असतो. सालाची मुगाची डाळसुद्धा काहींना जाचते, पण धुतलेली पिवळी डाळ भिजवून, भिजवलेले पाणी ओतून देऊन, गरगरीत शिजवून घोटली तर बहुतेकांना सोसते. मुगाचे कढण त्याहून हलके. मोड आणल्याने या शर्करा कमी होतात हे खरे. मात्र कच्चे मोड नाजूक पोटाला द्यायचे नसतात. पौष्टिक म्हणून सकाळी वाटीभर कच्चे मूग खाणाऱ्यांच्या फुगलेल्या पोटाचे कारण अनेकदा त्या वाटीतच असते.

तुपाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. मऊ भातावरचे चमचाभर तूप बहुतेकांना चालते. चार चमचे ओतले की तोच भात जठरात रेंगाळतो. पित्ताशयात खडे असणाऱ्याला किंवा स्वादुपिंडाच्या सुजेतून उठलेल्याला तेवढे चमचाभरही डॉक्टरांना विचारूनच.

दुधाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. शिकागोतले डॉक्टर बर्ट्रम सिपी यांनी १९१५ साली जठरव्रणासाठी एक आहार सुचवला. त्यात रुग्णाला दर तासाला दूध आणि साय द्यायची आणि अधूनमधून आम्लनाशके. पुढची काही दशके जगभर हा आहार चालला. दूध गेल्यावर क्षणभर जळजळ शमते, पण त्यातले कॅल्शियम आणि प्रथिने थोड्या वेळाने जठराला पुन्हा आम्ल स्रवायला लावतात, हे नंतर स्पष्ट झाले. सायीवर वर्षानुवर्षे राहिलेल्या रुग्णांत हृदयविकाराचे झटके जास्त आढळल्याचेही १९६०च्या सुमारास नोंदले गेले. शेवटी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९८०च्या दशकात जठरव्रणामागचा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू दाखवून दिला आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. आज व्रण प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारी औषधे देऊन बरा करतात. वेदनाशामक गोळ्यांमुळे झाला असेल तर त्या गोळ्या थांबवतात. दुधाने तो बरा होत नाही. तरीही पित्त खवळले की फ्रिजमधले गार दूध पिण्याची सवय घराघरांत टिकून आहे.

दुसरी अडचण दुधातल्या साखरेची. लॅक्टोज पचवणारे विकर मोठेपणी बऱ्याच भारतीयांत कमी होते, आणि जुलाबानंतर आतड्याचे अस्तर सोललेले असताना ते ज्यांच्यात असते त्यांच्यातही काही दिवस कमी पडते. दह्या-ताकात विरजणाचे जीवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात आणि उरलेले पचवायला आतड्यात मदतही करतात. जुलाबात दूध नको पण ताक चालेल, या जुन्या सांगण्याला असा आधार आहे. ताक ताजे, पातळ आणि साय काढलेले हवे. आंबटढाण ताकाने छातीत जळजळणाऱ्याचे काही भले होत नाही.

तिखटावर मात्र थोडा अन्याय झालेला आहे. मिरचीने अल्सर होत नाही. मिरचीतले कॅप्सायसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंच्या ग्राहीला चेतवते. हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल विभागून मिळाले. असे ग्राही सगळ्या पचनमार्गात असतात. ज्याच्या आतड्याच्या संवेदना मुळातच तीव्र असतात, त्याला मिरचीने खरोखर दुखते, जखम काही नसताना.

उपवासाचे जेवण हलके असते हा समज तर निव्वळ नावावर चालतो. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून करतात आणि तो जवळजवळ शुद्ध स्टार्च असतो. त्याची पाण्यातली पातळ खीर पोटाला सोपी जाते. खिचडीत त्याच्याबरोबर दाण्याचे कूट, तूप, बटाटा आणि मिरची येते. वडे तर तळलेलेच. त्या मानाने वऱ्याच्या तांदळाची मऊ पेज बरी, पण तिच्याबरोबर दाण्याची आमटी आली की हिशेब पुन्हा तिथेच.

भाज्यांत दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा या पाणीदार भाज्या साले आणि बिया काढून, शिजवून दिल्या जातात. दुधीच्या कच्च्या रसाचे खूळ मधल्या काळात फार पसरले. दुधी-काकडीच्या कुळात क्युकरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात, आणि एखाद्या दुधीत ती अचानक जास्त निघतात. कडू दुधीचा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झाले आहेत. फोड चाखून कडू लागली तर तो दुधी शिजवूनही खायचा नसतो. फळांत पिकलेले केळे आणि पिकलेली पपई सोसते. सफरचंद हलके म्हणून प्रसिद्ध असले तरी कच्च्या सफरचंदातली फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल अनेकांना फुगवतात.

जुलाब-उलट्यांत पहिला प्रश्न अन्नाचा नसून पाणी आणि मिठाचा असतो. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. कॉलऱ्यातही ही वाट उघडी राहते. या तत्त्वावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत साखर, मीठ आणि सोड्याचे द्रावण कॉलऱ्याच्या रुग्णांना पाजले, आणि मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या असताना हे घडले. आजच्या ओआरएसच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. तांदळाच्या पिठाचे ओआरएसही पुढे तयार झाले. चिमूटभर मीठ घातलेली पातळ पेज याच तत्त्वाने उपयोगी पडते. पण डोळे खोल गेलेल्या, लघवी न होणाऱ्या मुलासाठी पुडी आणि दवाखानाच हवा. जागतिक आरोग्य संघटना जुलाबाच्या मुलांना दहा ते चौदा दिवस जस्तही द्यायला सांगते. अंगावरचे दूध थांबवायचे नसते.

आजाऱ्याला उपाशी ठेवण्याचा आग्रह जगभर होता आणि त्याने बरेच नुकसान केले. एकोणिसाव्या शतकात डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी तापाच्या रुग्णांना खायला घालायचे ठरवले तेव्हा ती बंडखोरी होती. विषमज्वरात लहान आतड्यात व्रण होतात, ते फुटतील या भीतीने रुग्णाला आठवडे न् आठवडे दुधा-पाण्यावर ठेवत, आणि तो तापाइतकाच उपासमारीनेही खंगे. न्यूयॉर्कचे वॉरन कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भरपूर उष्मांकांचा, पण मऊ आहार देऊन रुग्ण अधिक लवकर सावरतात हे दाखवले. अमेरिकेत मुलांच्या जुलाबात केळे, भात, सफरचंदाचा गर आणि टोस्ट एवढेच देण्याची पद्धतही आता मागे पडली, कारण त्यात प्रथिने आणि स्निग्धांश फारच कमी. पाण्याची तूट भरून निघाली की वयाप्रमाणे नेहमीचे जेवण लवकर सुरू करावे, असे बालरोगतज्ज्ञ आता सांगतात.

काहींचे पोट मात्र आजारानंतर नाही, कायमच हळवे असते. दुर्बिणीतून पाहिले तर जठर स्वच्छ, रक्त-तपासण्या ठीक, आणि तरी जेवणानंतर पोट तट्ट फुगते किंवा घाईने शौचाला धावावे लागते. कार्यजन्य अपचन आणि आतड्याचा क्षोभविकार, म्हणजे आयबीएस, ही त्यांची नावे. इथे आतड्याच्या भिंतीतल्या संवेदना अधिक तीव्र असतात. इतरांना जाणवतही नाही एवढा वायू यांना दुखवतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात फॉडमॅप हा आहार घडला तो यांच्यासाठी. कांदा, लसूण, गहू, कडधान्ये, दूध, आंबा, सफरचंद यांतल्या लवकर आंबणाऱ्या शर्करा दोन ते सहा आठवडे टाळायच्या, मग एकेक पदार्थ परत आणून आपल्याला नेमके काय जाचते ते ओळखायचे. मराठी स्वयंपाकात कांदा-लसूण वगळले की रस्सा, उसळ, चटणी सगळेच अडते. हिंग-जिऱ्याच्या फोडणीचे वरण, भात, पडवळाची भाजी, थोडे ताक (दूध सोसत असेल तर) असा जुना सोवळ्यातला स्वयंपाक इथे अनपेक्षितपणे कामी येतो. लसणाचा अर्क तेलात उतरतो पण त्यातल्या शर्करा उतरत नाहीत, म्हणून लसूण तेलात तळून पाकळ्या काढून टाकल्या तरी स्वाद राहतो. तंतूंपैकी इसबगोलासारखा पाण्यात फुगणारा तंतू या विकारात उपयोगी पडतो. गव्हाचा कोंडा अनेकदा त्रास वाढवतो.

हलक्या आहाराचे तोटेही हलके नाहीत. पेज आणि मऊ भात रक्तातली साखर झपाट्याने चढवतात. मधुमेह्याने भाताचे प्रमाण कमी ठेवून मुगाचे वरण, अंड्याचा पांढरा भाग, मऊ शिजलेला मासा किंवा पनीर यांची जोड द्यावी लागते. महिनोन्महिने आसट भातावर राहिलेल्या वृद्धांचे स्नायू झडतात, लोह आणि ब१२ कमी पडते. बद्धकोष्ठ होते ते वेगळेच. आणि वजन घटत असेल, शौचाला काळे किंवा रक्ताचे होत असेल, घास अडकत असेल, रात्री पोटदुखीने झोपमोड होत असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी तक्रार सुरू झाली असेल, तर पथ्याने वेळ काढत बसण्यात धोका आहे. तिथे तपासणीच लागते.

साध्या बिघाडानंतर परत फिरायला फार दिवस लागत नाहीत. उलटी थांबली आणि भूक लागली की पेज, दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि वरण, मग शिजलेली भाजी आणि ताक, मग पातळ फुलका किंवा दुधा-ताकात कुस्करलेली भाकरी. पोटभर दोन वेळा जेवण्याऐवजी थोडे थोडे पाच वेळा, सावकाश चावून. फुलका सोसला की कोरडी भाकरी, भाकरी सोसली की उसळ आणि कोशिंबीर. तळण त्यानंतर, आणि कच्च्या कांद्याची पाळी सगळ्यात शेवटी.